लाखावर एक

आकडा समोर आला की सुभद्रा तो आधी मोडून बघायची आणि मग पुढच्या कामाला लागायची. गॅसवाला दारात टाकी उतरवून पावती पुढे करी. ही पेन हातात घेई, पण सही करण्याऐवजी पावतीच्या नंबराकडे बघत ओठ हलवत उभी राही.

"काकी, सही करा गो! आकडो पळान जाणा नाय!"

"रव रे जरा. तेरान जाता काय बघतंय."

गॅसवाला हसत टाकी आत नेऊन ठेवी. कुणकेश्वरच्या रस्त्यावरच्या त्या वाडीत सगळ्यांना तिची ही सवय ठाऊक होती.

मोडायचा म्हणजे सारख्या वाट्यांत घालायचा. चोवीस लाडू दोघांत जातात, तिघांत, चौघांत, सहांत, आठांत जातात, कोणी रुसत नाही. पण तेवीस लाडू ठेवा. दोघांत एक उरतो, तिघांत दोन उरतात, चौघांत तीन. एकतर सगळे एकानं खावेत, नाहीतर तेवीस जणांनी एकेक. असल्या आकड्यांना शाळेत मूळ संख्या म्हणतात. सुभद्रा त्यांना हट्टी म्हणायची.

ती मूळची नांदगावकडची, भातशेतीच्या घरातली. शाळा नववीपर्यंत झाली. गणिताच्या गुरुजींनी तिला एक युक्ती शिकवली होती: अकरानं भाग जातो का हे भागाकार न करताही कळतं. एक आड एक आकडे घ्यायचे, त्यांची बेरीज करायची, उरलेल्यांची वेगळी करायची. दोन्ही सारख्या आल्या की अकरानं भाग गेलाच म्हणून समजायचं. दोन्हींतला फरक अकराच्या पाढ्यात आला, तरी गेलाच. हे ऐकलं त्या दिवशी घरी येताना तिनं वाटेवरच्या विजेच्या खांबांवरचे सगळे नंबर तपासले होते. दहावीच्या वर्षी स्थळ आलं, आणि ती डोंगराकडची मुलगी समुद्राकाठी आली.

नवरा गुरुदास, एसटीत कंडक्टर. लग्न नवीन होतं, बोलायला दोघांकडेही फारसं काही नव्हतं. एके दिवशी खिशातून पडलेलं तिकीट सुभद्रानं उचललं आणि तोंडातून निघून गेलं, "सातान जाता."

"काय जाता?"

"ह्यो आकडो. सातान जाता. मगे तेरान."

गुरुदासांनी तिकीट उलटंसुलटं करून बघितलं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम एक आकडा घेऊन आले, देवगडच्या बंदरात उभ्या असलेल्या ट्रकचा. तिनं तांदूळ निवडता निवडता मोडला. तिसऱ्या दिवशी आणखी एक. तो खेळ मग थांबलाच नाही. संध्याकाळी पायरीवर चप्पल काढतानाच ते आकडा सांगत. मोडला तर सुभद्रा जिंकली. हट्टी निघाला तर ते जिंकले, आणि त्या दिवशी चहात साखर जास्त. निवृत्त झाल्यावर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचून दाखवायचे. आतून कांदा चिरण्याचा आवाज मध्येच थांबायचा, मग सुरू व्हायचा. "गेलो गो?" "गेलो. सतरान."

त्या खुर्चीतच ते एका वैशाखात, दुपारी जेवून बसले असताना गेले. आजार नाही, हाक नाही.

पण त्याच्या आधीची गोष्ट सांगायला हवी.

वाडीतल्या महादेवाच्या देवळापुढची जुनी दीपमाळ वादळात पडली होती. गावानं नवी बांधायला घेतली. त्या महाशिवरात्रीला देवळाच्या भजनी मंडळातल्या बायकांनी ठरवलं, की दीपमाळ उभी राहील त्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला लाख वाती लावायच्या. कापूस घरच्या देवकापशीचा, वाती हातानं वळलेल्या. मंडळात तेव्हा अकरा जणी. भटजींनी विचारलं, "किती धरता?"

"एक लाख," कोणीतरी म्हणालं.

मंडळाच्या प्रमुख राधाबाई लगेच पुढे झाल्या. "शून्यावर कोण थांबता गो देवाच्या दारात? लाखावर एक."

आमच्याकडे ही रीतच आहे. देवापुढे ठेवायचं ते वर एक घालून. पुरं झालं असं म्हणायचं नाही, पुढे चालू आहे असं म्हणायचं. म्हणून लाखावर एक. अकरा जणींनी हाताखाली हात धरले, भटजींनी पळीनं पाणी सोडलं. राधाबाईंच्या हातावरून ते खालच्या हातावर, तिथून त्याच्या खालच्या. सुभद्राचा हात सगळ्यांत खाली होता. संकल्पाचं पाणी तिच्या बोटांवरून ताम्हणात पडलं.

नंतरच्या वैशाखात गुरुदास गेले. सुभद्रा वर्षभर देवळात गेली नाही, दुखवट्यात आमच्याकडे जात नाहीत. वर्ष सरलं, दीपमाळही उभी राहिली. आषाढात वाती वाटून घ्यायला मंडळ सभामंडपात जमलं तेव्हा सुभद्रा हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून आपल्या नेहमीच्या जागी खांबाशी बसली.

राधाबाईंनी कापसाची टोपली पुढे ओढली. एकेकीला कापूस देत सुभद्रापाशी आल्या आणि आवाज मऊ केला.

"सुभद्रा, तुझो हात वातींचो. तुझ्यासारखी वात कोणाक वळूक जमणा नाय. तू वळ, होयी तितकी वळ. पण पुनवेक लावूचा काय ता आमी बघतलव."

सुभद्राला कळलं. सगळ्यांनाच कळलं. लक्ष्मी कापसातली सरकी काढण्यात गुंतली, बाकीच्यांनीही माना खाली घातल्या.

"राधाबाई, संकल्पात माझो हात होतो."

"होतो गो. पण तेव्हा तू सवाष्ण होतंस."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. सुभद्रानं पुढ्यातला कापूस उचलून परत टोपलीत ठेवला.

"मगे माका कापूस नको. माझ्या हातान वळलेली वात माझ्या हातान लावतलंय. नायतर वळणा नाय."

ती उठली, महादेवाला नमस्कार केला आणि छत्री उघडून घरी आली. घरी येऊन रडली का, ते कोणाला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणातल्या देवकापशीची बोंडं खुडून सुपात वाळत घातली, एवढं शेजारच्या रसिकानं पाहिलं.

रसिका म्हणजे वाडीतलं चालतं वर्तमानपत्र. वय चाळिशीचं, तोंड सुटलं की सुटलं. आठवडाभरात ती धापा टाकत आली आणि पायरीवरच बसली.

"काकी, मंडळात लागला मां भांडण!"

"कसला?"

"आता आमी रवलव धा जणी. धाव धाव हजार वाट्याक इले. लाख झाले. आणि ती वरची एक? ती कोणाची? राधाबाई म्हणता, मी मोठी, माझी. लक्ष्मी म्हणता, कापूस माझ्या परसातलो, माझी. मगे एकेकीचा आपला सुरू! एक म्हणता मूर्ती घासतंय मी, दुसरी म्हणता माझ्या सासऱ्यान देवळाक घंटा दिल्यान. एका वातीसाठी गो! मी म्हटलंय, माका द्या, मी धाकटी. तर सगळ्यो माझ्यार धावल्यो!"

सुभद्राला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. ज्या एकीसाठी राधाबाईंनी लाख नाकारला होता, तीच आता कोणाच्या पदरात मावत नव्हती.

दोन दिवसांनी रसिका पुन्हा आली. या वेळी आवाज जरा खाली होता.

"काकी, राधाबाईन निरोप दिल्यान. म्हणता, ती वरची एक सुभद्राक देवया. म्हणजे भांडण मिटात नी तुझा मनही रवात. तू वळ, ती लावतली, तुझ्या नावान."

सुभद्रा भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढला नाही.

"तिका जावन सांग. माका वरची नको, वाट्याची होयी."

"पण काकी—"

"वाट्याची. तितकाच सांग."

रसिका गेली. भाकरी तव्यावर टाकताना सुभद्राच्या ध्यानात आलं, की इतके आकडे मोडले, पण हा एक आपण कधी मोडून बघितला नाही. विसरली म्हणून नव्हे. देवाला दिलेला आकडा मोडू नये, असं तिच्या मनानं आपोआप धरलं होतं. नैवेद्याच्या ताटातलं उचलून खाऊ नये, तसं.

संध्याकाळी दिवा लावून ती देवापुढे बसली. म्हणाली, "महादेवा, मोडूक बसणा नाय मी. वाटूक बसतंय. चुकत आसलंय तर थांबय." थोडा वेळ थांबली. दिव्याची ज्योत सरळ होती. मग जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर लिहिलं: १००००१.

दोननं नाही, शेवटी एक आहे. तीननं नाही, आकड्यांची बेरीज दोनच होते. पाचनं नाही. सातनं ओढून बघितलं, सहा उरले. मग तिनं अकराची युक्ती लावली. एक आड एक घेतले: एक, शून्य, शून्य. बेरीज एक. उरलेले: शून्य, शून्य, एक. बेरीज एक.

सुभद्राचा हात थांबला. तिनं पुन्हा मांडलं. पुढून वाचा नाहीतर मागून, आकडा सारखाच, दोन टोकांना दोन दिवे आणि मध्ये काळोख. आणि अकरानं जातो. भागाकार खाली उतरत गेला आणि बाकी शून्य. नऊ हजार एक्क्याण्णव.

अकरा जणींना नऊ हजार एक्क्याण्णव. वरची म्हणून कोणीच उरत नाही.

पाण्याखाली हात धरले तेव्हा कोणी हे मोजलं नव्हतं. राधाबाईंनी रीतीप्रमाणे वर एक घातली होती, एवढंच. दहांत हा आकडा कधीच बसणार नव्हता, बारांतही नाही. अकरांत मात्र नीट बसत होता.

आता एका वाट्याचा आकडा मोडून बघायला हवा, म्हणजे सारख्या जुड्या बांधता येतील. पण हा काही हाताला लागेना. सातनं पाच उरले, तेरानं चार, सतरानं तेरा. बाईनं तो आकडा सोडला नाही. दूध तापवताना, तुळशीला पाणी घालताना, जामसंड्याच्या बाजारात रिक्षाची वाट बघताना, एकेक हट्टी संख्या घेऊन ती त्याला धडका देत राहिली. एकदा भेंडीची भाजी करपली. एकसष्टनं अगदी जवळ नेलं, दोनच उरले, तिला वाटलं गेलाच. शेवटी एकोणनव्वदवर ती थांबली. त्याच्यापुढची हट्टी संख्या सत्त्याण्णव, आणि सत्त्याण्णवला सत्त्याण्णवनं गुणलं की आकडा आपल्या वाट्याच्या पुढे निघून जातो. म्हणजे ज्यानं मोडायचा असा आता कोणी शिल्लकच नव्हता.

मुंबईला धनेशला फोन लावला. धनेश तिचा एकुलता एक मुलगा.

"रे, तुझ्या मोबाईलार बघ. नऊ हजार एक्क्याण्णव. मोडता काय?"

थोड्या वेळानं धनेशचा आवाज आला. "नाय आये. मूळ संख्या आसा." मग जरा थांबून, "बाबा जिंकले."

सुभद्रानं फोन ठेवला आणि स्वतःसाठी चहा केला. साखर जास्त घातली.

पुढच्या सोमवारी ती देवळात गेली. मंडळाचं भजन संपत आलं होतं. आरती झाल्यावर ती उभी राहिली आणि कॅलेंडरचं पान राधाबाईंपुढे ठेवलं. जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं: दहा जणींत एक उरते, तिच्यासाठी तुमचं भांडण. अकरा जणींत उरतच नाही. प्रत्येकीला नऊ हजार एक्क्याण्णव, कोणाला कमी नाही, कोणाला वर नाही.

बायका पानावर वाकल्या. रसिकानं मोबाईल काढून भागाकार केला आणि ओरडली, "अगो बाय! बरोबर गो!"

लक्ष्मीनं मान डोलावली. "खरा आसा. अकरा जणी होयेत."

राधाबाईंनी पान बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढला.

"बरा झाला सांगितलंस. अकरावी आणूया. लक्ष्मी, तुझी सून घरात आसा. दिव्या. नवी सवाष्ण. तिका घेवया."

सुभद्राला हे सुचलंच नव्हतं. आकड्याला अकरा हात हवे होते, ते कोणाचे ते आकडा सांगत नव्हता. ती क्षणभर खांबाला टेकली. आकड्यावर भार टाकून ती इथवर आली होती, पण आकड्यानं तिला दारापर्यंतच आणून सोडलं. पुढचं तिचं तिलाच चालायचं होतं.

"घेवा दिव्याक," ती म्हणाली. "माझी ना नाय. पण राधाबाई, एक सांगतंय ता आयका. त्या पुनवेक मी माझ्यो नऊ हजार एक्क्याण्णव वाती घेवन येतलंय. देवळाच्या आत नको म्हणशात तर पायरेर बसान लावतलंय. देवाक पायरी नी गाभारो सारखोच. माझ्या हातार पाणी पडलेला आसा, ता फेडल्याशिवाय मी रवणा नाय."

"मगे लाव. कोण धरता तुका?"

"धरणा नाय कोण. पण तेव्हा दिव्या धरून तुमी अकरा, आणि मी बारावी. मोजा बघया किती होतत ते." तिनं उत्तराची वाट बघितली नाही. "एक लाख नऊ हजार ब्याण्णव. संकल्प किती? लाखावर एक. कमी नाय नी जास्ती नाय. आता तुमीच ठरवा, मोडूचो काय पुरो करूचो."

रसिकानं मोबाईलवर गुणाकार केला आणि मान डोलावली.

"धमकी देतंस माका?" राधाबाईंनी चष्मा परत चढवला.

"नाय. हिशोब सांगतंय."

भटजी बाहेर चपला शोधत होते, त्यांना बायकांनी बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, शेंडीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "संकल्प ज्यांनी सोडला त्यांनी पुरा करायचा, एवढं शास्त्र मला ठाऊक. बाकीचं तुमच्या मंडळाचं." आणि पाऊस थांबलाय तोवर जातो म्हणून निघून गेले. लक्ष्मी पुटपुटली, "ह्येंका इचारून काय उपेग? कायच सांगूक नाय." राधाबाईंनी कापसाची टोपली बंद केली. त्या दिवशी काही ठरलं नाही.

सुभद्रा मात्र वळायला लागली. कोणी हो म्हणण्याची वाट तिनं बघितली नाही. सकाळी पूजा आटोपली की दारातल्या त्या खुर्चीशेजारी पाट टाकून बसायची. कापूस पिंजायचा, दुधाचं बोट लावायचं आणि मांडीवर वात फिरवायची. ओठांवर "नमः शिवाय". शंभर झाल्या की एक चिंचोका वाटीत. रस्त्यानं जाणाऱ्या बायका बघत. काही थांबून दोन शब्द बोलत, काही पदर सावरून पुढे जात. दिव्याही एकदा थांबली. इकडेतिकडे बघून म्हणाली, "काकी, माका नको तो वाटो. मी सांगलंय सासूक. माझ्या हातार पाणी खंय पडलेला?"

"सासू काय म्हणाली?"

"बोलणा नाय माझ्याशी," असं म्हणून ती हसली आणि पळाली.

गणपती येऊन गेले. भाद्रपदाच्या शेवटी, उन्हं कलताना राधाबाई एकट्या आल्या. हातात पिशवी. पायरीशी उभ्या राहिल्या. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसावं की नाही हे त्यांना कळेना. शेवटी खाली पाटावर बसल्या.

"सुभद्रा, तुका वाटता मी दुष्ट."

"माका तसा वाटणा नाय."

"भाईंचा काळीज उघडून शिवल्यानी. तुका ठाऊक आसा." भाई म्हणजे त्यांचे यजमान, जामसंड्याला किराणा मालाचं दुकान चालवत. वर्षापूर्वी गोव्याला शस्त्रक्रिया झाली होती. "दुकानात बसतत, पण जिना चढले की मी श्वास धरून रवतंय. तुझो राग नाय गो माका. माका भय वाटता. काय अशुभ झाला तर? मी ह्यो संकल्प कित्याक धरलंय? तेंचोच पयलो झटको येवन गेल्लो म्हणान. कोणाक सांगूक नाय."

सुभद्राच्या हातातली वात तशीच राहिली. लाखावर एक कुठून आली, ते आता कळलं. पुरं झालं असं म्हणायचं नव्हतं त्या बाईला.

"राधाबाई," ती हळू म्हणाली, "मी पण सवाष्णच होतंय. कपाळभर कुंकू लावन त्या पाण्याखाली हात धरलंय. सगळ्यांत खालचो हात माझो. तरी गेले ते, दोन महिन्यांत. कुंकवान वाचतत आसते तर तेंका वाचवूक माझा काय कमी होता?"

समुद्राकडून वारं आलं, सुपातला कापूस हलला. सुभद्रानं त्यावर हात ठेवला.

मग राधाबाईंनी पिशवी उलटी केली. वातींचा ढीग पाटावर पडला.

"माझी मोजणी चुकता. तीनदा मोजलंय, तीनदा येगळी इली. डोळे दिसणत नाय धड." मान वर न करता त्या म्हणाल्या, "नऊ हजार एक्क्याण्णव होये मां? बस हंय. मोजूया."

सुभद्रानं आकडा ऐकला. दहा हजार नव्हे. तिनं चिंचोक्यांची दुसरी वाटी आणली.

त्रिपुरी पौर्णिमेला दिवेलागणीच्या आधीच देवळाचं पटांगण भरलं. मुंबईची माणसं आली होती, धनेशही आला होता. नव्या दीपमाळेभोवती मातीची अकरा पसरट परळं मांडली होती. प्रत्येकीनं आपल्या वाती तुपात भिजवून आपल्या परळात ठेवल्या. बाकीच्यांनी शंभराच्या जुड्या बांधून वर एक्क्याण्णवाची छोटी जुडी ठेवली होती. सुभद्रानं जुड्या बांधल्याच नव्हत्या. जो आकडा मोडत नाही त्याच्या जुड्या कशाला, म्हणून तिनं सगळ्या वाती एका दोऱ्यानं, एकाच मोळीत बांधल्या होत्या. जाडजूड, गुरुदासांच्या तिकिटाच्या पेटीएवढी.

लक्ष्मीचं तोंड अजून वाकडंच होतं. ती सुभद्राच्या शेजारची जागा सोडून पलीकडे जाऊन बसली. दोघीतिघींनी ते बघितलं आणि आपल्या जागा सोडल्या नाहीत.

समुद्रावर चंद्र आला. गुरवानं शंख फुंकला. राधाबाईंनी नंदादीपावर काडवात पेटवली, आपल्या वातींना लावली आणि शेजारणीच्या हातात दिली. तिनं लावून पुढे दिली. काडवात दीपमाळेभोवती फिरत आली. एकेक परळ उजळत गेलं, तुपाचा वास पटांगणभर झाला. लक्ष्मीनं लावली. शेवटी ती रसिकाकडे आली. रसिकानं आपली लावली, आणि जळती काडवात हातात धरून ती राधाबाईंकडे बघत राहिली. तिच्यापुढे सुभद्राचंच परळ होतं.

सगळं पटांगण बघत होतं. भाई खुर्चीत बसून बघत होते. राधाबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग देवाकडे.

"बघत काय रवलंस गो?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "अकरावीक दी."

रसिकानं काडवात सुभद्राच्या हातात दिली. तिनं डोळे मिटून महादेवाचं नाव घेतलं आणि मोळीच्या टोकाला ज्योत लावली. मोळी घट्ट होती, लवकर धरेना. ती वाकून थांबली. एका कडेनं पेट आला, मग दुसऱ्या कडेनं, आणि मग सगळ्या वाती एकदम, एकीपासून दुसरी वेगळी न होता जळू लागल्या.

दीपमाळेपलीकडच्या रस्त्यावर मुंबईहून आलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्या नंबरांवर अकरा ज्योतींचा उजेड पडला होता, सगळे वाचता येत होते. सुभद्रानं एकही मोडून बघितला नाही. धगीनं लाल झालेला चेहरा पदरानं पुसत ती ज्योतीकडे बघत हळूच म्हणाली,

"आज तुमी जिंकलात."